‘जनजागृती’ हे संशोधनाचं उद्दिष्ट असू शकतं का?

गेल्या महिन्यात एका ज्युनियरने त्याचं पीएचडीचं प्रपोजल वाचायला पाठवलं. विषय चांगला आहे. कोकण किनाऱ्यावरचे मोठे ऊर्जा प्रकल्प आणि आता त्यांच्या जोडीला मुंबईच्या आसपास उभी राहणारी डेटा सेंटर्स, यांच्याबद्दल शेजारच्या वस्त्यांना काय कळतं, कसं कळतं. साहित्याचा आढावा नेटका होता. पण तिसऱ्या उद्दिष्टापाशी मी थांबले: ‘प्रकल्पांविषयी स्थानिकांमध्ये जागृती निर्माण करणे व गैरसमज दूर करणे.’ आणि मागे जोडलेली वीस प्रश्नांची प्रश्नावली. बरोबर उत्तराला एक गुण. बेरीज म्हणजे त्या माणसाचा ‘ज्ञान-निर्देशांक’. मग हा निर्देशांक आणि प्रकल्पाला असलेला पाठिंबा यांचा सहसंबंध काढायचा.

त्याला चार शब्द सुनावायचा अधिकार मला नाही. माझ्या पहिल्या प्रपोजलात हेच वाक्य होतं, फक्त ‘दूर करणे’च्या जागी ‘निरसन’ लिहिलं होतं, म्हणजे जरा जास्त विद्वत्तापूर्ण. रिव्ह्यू कमिटीतल्या कुणालाही ते खटकलं नाही. तेच जास्त काळजीचं आहे. फंडिंगच्या अर्जांत, एनएसएसच्या अहवालांत, कंपन्यांच्या पुस्तिकांत हे वाक्य इतकं फिरतं की ते मुळात एक गृहीतक आहे हे आपण विसरतो. तेव्हा ही पोस्ट त्या एका वाक्याबद्दल.

गृहीतक असं: लोक विरोध करतात कारण त्यांना माहिती कमी आहे; माहिती भरली की विरोध उतरेल. विज्ञान-समाज अभ्यासात याला ‘डेफिसिट मॉडेल’ म्हणतात, म्हणजे उणिवेचं मॉडेल. १९८५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने लोकांच्या विज्ञानविषयक समजुतीवर बॉडमर समितीचा अहवाल काढला आणि त्यानंतर या विचाराने सर्वेक्षणांचा पूरच आला. निकाल काय? २००८ मध्ये निक अ‍ॅलम आणि सहकाऱ्यांनी ४० देशांतली सुमारे २०० सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली. ज्ञान आणि विज्ञानाबद्दलची अनुकूलता यांच्यात संबंध सापडला, पण लहानसा. म्हणजे मॉडेल अगदी खोटं नाही, पण त्याच्यावर अख्खा प्रबंध उभा करावा इतकं बळ त्यात नाही.

या मॉडेलला खरा धक्का मात्र आकडेवारीने नाही, मेंढ्यांनी दिला. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं. मे महिन्यातल्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी घातली आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं, तीन आठवड्यांत सगळं ठीक होईल. झालं नाही. तो अंदाज चिकणमातीच्या, अल्कधर्मी जमिनीवरच्या अभ्यासावर बेतलेला होता. तिथे सीझियम मातीला घट्ट धरून बसतं. डोंगरावरची माती होती आम्ल आणि पीटयुक्त. तिथे ते मोकळंच राहतं, गवतात चढतं, मेंढीत जातं, पुन्हा मातीत येतं. शेवटचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं! ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या शेतकऱ्यांशी बोलून जे लिहिलं ते विज्ञान शाखेतून आलेल्या प्रत्येकाने वाचायला हवं. शास्त्रज्ञांनी मेंढ्या कुंपणात ठेवून प्रयोग केले, तेव्हा शेतकरी म्हणत होते की डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या कुंपणात खंगतात, तुमचं मोजमापच चुकेल. ऐकलं कुणी नाही. शेतकऱ्यांना अणुविज्ञान येत नव्हतं हे खरं. पण आपल्या ज्युनियरची प्रश्नावली तिथे दिली असती तर ते नापास झाले असते आणि तीन आठवडे सांगणारे शास्त्रज्ञ पैकीच्या पैकी गुण घेऊन पास.

हे वाचलं की आपले विद्यार्थी लगेच दुसऱ्या टोकाला जातात: लोकांचं ज्ञानच खरं, तज्ज्ञ सगळे विकलेले. तेही आळशीपणाचंच. मला मधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती समजायला कंब्रियाला जायची गरज नाही. गुहागर पुरेसं आहे.

शिक्षणावरचा खर्च

एन्रॉनची गोष्ट आत्ता पंचविशीत असलेल्यांना फक्त नावाने माहीत असते, म्हणून थोडं मागून सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात दाभोळ वीज प्रकल्प. जून १९९२ मध्ये राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार, ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करार, मुदत २० वर्षं. १९९५ मध्ये नव्या युती सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला. पुढे वाटाघाटी होऊन तो पुन्हा आणला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ च्या मे महिन्याअखेर संयंत्र बंद, त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत.

या सगळ्यात एक छोटी नोंद आहे, जी माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा आहे. ३१ जानेवारी १९९५ ला एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. त्यात त्यांनी सांगितलं की शिक्षण आणि प्रकल्प-विकासाच्या प्रक्रियेवर कंपनीने स्वतःचे सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या दराने साठ कोटी रुपयांच्या वर. महाराष्ट्रात यावरून वादळ उठलं, ‘शिक्षण’ म्हणजे लाच असा संशय घेतला गेला. तो सिद्ध झाला नाही. पण लाचेचा भाग बाजूला ठेवा आणि शब्द जसा आहे तसाच घ्या. शिक्षण. कुणाचं? अशा प्रकल्पांचा अर्थपुरवठा कसा चालतो हे बँकांना, अधिकाऱ्यांना समजावणं, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. आणि ज्या कागदावर पुढच्या २० वर्षांचं बिल लिहिलं होतं, तो मूळ वीज खरेदी करार? तो गोपनीय. म्हणजे शिकवणीवर कोट्यवधी रुपये खर्च आणि पाठ्यपुस्तक कपाटात कुलूपबंद.

त्या कुलपाआड काय होतं ते एका साध्या उदाहरणाने सांगते. लग्नाच्या वऱ्हाडाला बस ठरवली. बसवाला म्हणतो, माणशी ६० रुपये पडतील. स्वस्तच की! पण हिशेब ५० माणसांचा आहे आणि करार बसच्या भाड्याचा आहे: ३,००० रुपये द्यायचेच, माणसं किती का बसेनात. दहाच जण आले तर माणशी ३००. दाभोळच्या करारात याला क्षमता आकार म्हणत. संयंत्र वीज द्यायला तयार असेल तर मंडळाने वीज उचलो न उचलो, पैसे द्यायचे. आणि तो हिशेब डॉलरशी जोडलेला. जो प्रतियुनिट दर लोकांना सांगितला जायचा तो जवळजवळ पूर्ण क्षमतेने वीज उचलली जाईल असं गृहीत धरून काढलेला. मंडळाला तेवढी वीज परवडेना, उचल घटली आणि २०००-०१ मध्ये काही महिन्यांत युनिट ७ रुपयांच्या वर गेलं.

म्हणजे लोकांना दर सांगितला होता, आणि तो त्या गृहीतकांत खोटाही नव्हता. फक्त त्याच्या जोडीचा दुसरा आकडा, किती उचललं तर हा दर, तो सांगितला नव्हता. पुण्याच्या प्रयास गटातल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये जे विश्लेषण मांडलं त्याचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी प्रकल्प चांगला की वाईट यावर भाषण केलं नाही, दराच्या मागची गृहीतकं एकेक करून टेबलावर ठेवली. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसांनी लोकांसाठी काय करावं याचा तो नमुना आहे. अर्थात त्यांचा विषय दर आणि वीज धोरण हा होता. वेलदूरच्या मच्छीमाराला विचाराल तर त्याचा पहिला प्रश्न युनिटच्या दराचा नसणार.

दहा पानांचं साहित्य

त्या मच्छीमाराच्या प्रश्नासाठी कायद्याने एक दस्तऐवज ठेवला आहे: पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथे अहवालाच्या मसुद्याबरोबर हा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस. सारांशाची लांबी जास्तीत जास्त दहा ए-फोर पानं. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवलेला. म्हणजे गावापुरता अहवाल म्हणजे ही दहा पानं.

मी हे मराठी सारांश बरेच वाचलेत (प्रबंधासाठी, हौस म्हणून नाही). साहित्यप्रकार म्हणून त्यांचं समीक्षण कुणी करत नाही, पण करायला हवं, कारण कोकणातल्या कित्येक गावांत विज्ञानावरचं मराठी लेखन म्हणून अधिकृतपणे पोचलेलं एवढंच असतं. त्यांची भाषा बघा. ‘परिवेशी वायू गुणवत्ता’, ‘शमन उपाययोजना’, ‘परिणाम नगण्य स्वरूपाचे असतील’. इंग्रजी वाक्यावर मराठी शब्दांची कौलं चढवलेली. ‘लक्षणीय’ हा शब्द तर खास: संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा, रोजच्या बोलण्यात वेगळा आणि सारांशात कोणता घ्यायचा ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. तरी भाषेची तक्रार दुय्यम आहे. उद्या कुणी हे सारांश झकास मराठीत लिहिले तरी माझा मुख्य आक्षेप राहीलच: आकडे एकेकटे येतात.

जैतापूरचं उदाहरण घेते, कारण तिथला हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रात होतो. माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. जनसुनावणी १६ मे २०१० ला झाली, तोवर भूसंपादन बरंच पुढे गेलेलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही.

मच्छीमारांची शंका थंड करून परत सोडलेल्या पाण्याबद्दल होती. अशा वेळी उत्तर येतं ते अंशांत: पाणी इतके अंश गरम असेल, मर्यादेत असेल. आता वही घ्या. अशा अणुभट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण ३६ टक्के विजेत जाते. ९,९०० मेगावॉट विजेसाठी २७,५०० मेगावॉट उष्णता लागते. उरलेली १७,६०० मेगावॉट समुद्रात जाते. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१ लाख ज्यूल लागतात. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी आपल्याकडचा नियम वाढ ७ अंशांवर नको असा आहे, तर ७ धरू. येतात सेकंदाला सुमारे ६१० घनमीटर. दहा हजार लिटरचे ६१ टँकर, दर सेकंदाला, रात्रंदिवस. हे जास्त वाटलं म्हणून कुणी म्हणालं की आम्ही काळजी घेतो, ७ च्या जागी ५ अंशच वाढवू, तर? उष्णता तेवढीच आहे. मग पाणी सुमारे ८६० घनमीटर.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो वर्गात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या विभागातर्फे शाळेच्या हॉलमध्ये मी स्लाइड दाखवत होते. तापमानवाढीचा आलेख, हिरव्या पट्ट्यात सुरक्षित मर्यादा, सगळं छान. मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, “बाय, पाणी गरम किती ता सांगितलंस. पण पाणी किती?” मी म्हटलं, ते अहवालात असेल, बघून सांगते. खरं म्हणजे मी तो भाग वाचलाच नव्हता. मला ‘गैरसमज दूर’ करायचे होते आणि गैरसमज फक्त तापमानाबद्दल आहेत असं मी घरूनच ठरवून आले होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता: एवढं पाणी आत ओढताना त्यात कोळंबीची पिल्लं, माशांची अंडी जाणार, ती चाळणीतून परत येणार का? अंश कमी केले की ओढलेलं पाणी वाढतं. म्हणजे एक काळजी कमी केली की दुसरी वाढते, आणि दोन्हींपैकी कोणती पत्करायची हे विज्ञान ठरवत नाही. ते ठरवणारा माणूस तिथे समुद्रात जाणारा आहे. त्याला एकच आकडा देऊन आपण निर्णयही परस्पर घेऊन टाकतो.

आणि हो, विरोधकांच्या पत्रकांतही नेमका हाच दोष आहे. तिथे रोजचे हजारो कोटी लिटर छापतात आणि अंश गाळतात. ७ अंशांच्या हिशेबाने रोजचे ५,३०० कोटी लिटर होतात, आकडा बरोबरच आहे, वाचून छातीत धस्स होतं. पण ते पाणी किती अंतरावर मिसळतं, गरम पाणी हलकं असल्याने वरच्या थरात किती पसरतं, भरती-ओहोटीत आणि पावसाळ्यात प्रवाह कसा फिरतो, यावर परिणाम अवलंबून. तो भाग दोन्ही बाजूंच्या कागदांत शेवटून दुसऱ्या ओळीत असतो. असला तर.

जिथे दहा पानंही नाहीत

आता डेटा सेंटर. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यातून जाणाऱ्यांना या खिडक्या नसलेल्या इमारती ओळखीच्या आहेत. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे. समुद्राखालच्या केबल इथे वर येतात हे त्याचं एक कारण. २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत डेटा सेंटर असा वेगळा प्रकारच नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर ते इमारत प्रकल्प म्हणून तपासलं जातं आणि इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. कायद्याच्या नजरेत ते गृहसंकुलाचं भावंड. फक्त या गृहसंकुलात राहणारं कुणी नाही आणि वीज एका शहराएवढी.

इथे लोकांपर्यंत पोचणारा आकडा म्हणजे गुंतवणूक, इतके हजार कोटी. कधी मेगावॉट. दोन्ही एकेकटे. समजा १०० मेगावॉटचं केंद्र आहे. हे १०० बहुधा फक्त संगणकांचे असतात. थंड करणं, रूपांतरातली गळती हे धरून दीडपट लागली तर १५० मेगावॉट. वर्षभर पूर्ण भाराने चाललं तर १३१ कोटी युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणारी सुमारे ११ लाख घरं. प्रत्यक्षात केंद्र सतत पूर्ण भाराने चालत नाही, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा, बातमीचा मथळा नाही.

पाण्याचं पुन्हा तेच. संगणकाला दिलेल्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. ती पाण्याच्या वाफेवाटे घालवायची तर एका युनिटला साधारण दीड लिटर पाणी उडून जातं, हे बाष्पीभवनाच्या उष्णतेवरून कुणीही काढू शकेल. १०० मेगावॉटला दिवसाचे २४ लाख युनिट, ३६ लाख लिटर. शहरासाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरला तर २६-२७ हजार माणसांचं पाणी. आता कंपनी म्हणेल, आमचं केंद्र जवळजवळ पाणी न वापरणारं आहे. शक्य आहे, आणि खरंही असेल: हवेने थंड करणारी यंत्रणा लावली की पाणी वाचतं. पण मग वीज जास्त लागते, विशेषतः आपल्या एप्रिल-मेमध्ये. ते पाणी आणि तो धूर दुसऱ्या कुठल्या तरी वीज केंद्रापाशी जातो. ‘पाणीबचत’ हा शब्द पुस्तिकेत मोठ्या अक्षरात येतो, त्याची जोडीदार वीज येत नाही. डिझेल जनरेटरची चाचणी किती वेळा, बांधकाम संपल्यावर कायम नोकऱ्या किती, हेही असेच पोरके आकडे.

आता ज्युनियरच्या प्रश्नावलीकडे परत. तिच्यातला सातवा प्रश्न होता: ‘डेटा सेंटरमुळे किरणोत्सर्ग होतो: बरोबर / चूक.’ अशा अफवा असतात, मान्य. त्या खोडल्याच पाहिजेत, आणि खोडायला दोन मिनिटं लागतात. पण वीसपैकी अकरा प्रश्न याच जातीचे होते. पाणी कुठून येणार, वीज वाहिनी कुठून जाणार, भारनियमन झालं तर आधी कुणाची वीज जाणार, हे प्रश्न त्यात नव्हते, कारण त्यांची उत्तरं त्याच्याकडेही नव्हती. म्हणजे प्रश्नावली लोकांचं अज्ञान मोजत नव्हती. संशोधकाला उत्तर माहीत असलेल्या गोष्टींपुरतंच जग आखत होती. संशोधन पद्धतीच्या तासाला वैधता शिकवतात ना, ती इथे कोसळते.

त्याने फोनवर विचारलं, “ताई, मग उद्दिष्ट काढूनच टाकू का?” नको, असं मी म्हटलं. उलटं कर. जनसुनावण्यांची इतिवृत्तं सार्वजनिक असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांत लोकांनी विचारलेला प्रश्न आणि प्रकल्पवाल्यांचं उत्तर अशी नोंद असते. पन्नास इतिवृत्तं घे. प्रत्येक प्रश्नाला कोणता आकडा लागला असता ते लिही, तो आकडा उत्तरात आहे का ते बघ, नसेल तर मूळ अहवालात आहे का, नसेल तर तो कुणाच्या कपाटात आहे ते शोध. मी चाळली त्यात आकडा मागणाऱ्या प्रश्नासमोर ‘नियमांचे पालन केले जाईल’ अशा धाटणीचं उत्तर इतक्या वेळा आलं की मी मोजणं सोडलं होतं. तू सोडू नकोस, मोज. ते मोजणं हाच तुझा पहिला पेपर आहे. डेटा सेंटरची इतिवृत्तंच नाहीत, तिथे तुला स्वतः वस्तीत बसून प्रश्न गोळा करावे लागतील.

याला रिव्ह्यू कमिटीत एक आक्षेप येईल, तयारी ठेवा: हे संशोधन की चळवळ? माझ्या मते हा आक्षेप ‘जागृती निर्माण करणे’ला आधी लागू होतो. लोकांचं मत बदलवणं हे तिथे उद्दिष्ट म्हणून उघड लिहिलेलं आहे, तरी कुणी त्याला चळवळ म्हणत नाही. प्रश्नांना उत्तर मिळालं की नाही हे मोजण्यात मत बदलायचा हेतू नाही. उत्तर मिळूनही लोक विरोध करतील, किंवा पाठिंबा देतील. जैतापूरचे दोन्ही आकडे समोर ठेवल्यावर तिथला एखादा मच्छीमार म्हणू शकेल की ५ अंश चालतील, पण पाणी ओढायचं तोंड खाडीच्या मुखापासून लांब न्या. तेव्हा तुमच्या सहसंबंधाच्या तक्त्यात त्याला कुठे बसवणार?

प्रपोजल आता तिसऱ्यांदा लिहून झालंय. वीसपैकी चार प्रश्न उरलेत आणि पहिला असा आहे: ‘या प्रकल्पाबद्दल तुम्ही कुणाला काय विचारलंत, आणि काय उत्तर मिळालं?’ खाली सहा ओळी मोकळ्या. त्याच्या गाईडचं म्हणणं, याचं कोडिंग करायला सहा महिने जातील. मी आठ धरलेत.